बंगालची वर्षोत्सवमाला आणि काटव्याची अपुरी पूजा : एक परामर्श

(1)

शके 1946 च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे 3 ऑक्टोबर 2024 रोजी, केंद्र सरकारने मराठी व बंगाली या दोन्ही भाषांस एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आमच्या पूर्णाकाठच्या केदारखेड्यास घरोघर घट बसत होते, आणि बंगालमध्ये आदल्याच दिवशी महालया होऊन देवीच्या आगमनाची तयारी चालू होती. योगायोग सुखद खरा. परंतु या दोन प्रांतांनी एकमेकांस किती ओळखले, असा प्रश्न त्यानिमित्ताने मनात उभा राहिला. बंगालच्या सणांविषयी मराठीत लिहिण्याची जी एक ठरीव रीत पडली आहे, तिचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणा एका लेखकास दोष देण्याचा उद्देश नाही. रीतीचा दोष दाखवावयाचा आहे.

बंगाली लोक स्वतःविषयी म्हणतात की, आमच्या बारा महिन्यांत तेरा पर्वे. मराठी लेखक ही म्हण आरंभी घालतो, पुढे पहिल्या वैशाखापासून चैत्रसंक्रांतीपर्यंत सणांची यादी देतो, प्रत्येकापुढे 'आपल्याकडील अमुक' असे लिहितो, आणि दुर्गापूजा म्हणजे बंगालचे नवरात्र असा निकाल देऊन मोकळा होतो. या रीतीत आमच्या मते तीन उणिवा आहेत. पहिली, तिथी एक म्हणून सण एक, असे धरून चालणे. दुसरी, ज्या ग्रंथांनी व ज्या कालगणनेने या सणांस आकार दिला, त्यांची दखल न घेणे. तिसरी व सर्वांत गंभीर उणीव अशी की, या उत्सवांच्या इतिहासात आमच्याच पूर्वजांचा जो हात आहे, त्याविषयी मौन धरणे. या तीन उणिवा क्रमाने तपासू.

(2)

तिथीचे उदाहरण घेऊ. आश्विन अमावास्येस आमच्याकडे लक्ष्मीपूजन होते व व्यापारी वह्यांची पूजा करतो. त्याच रात्री बंगाल कालीची पूजा करतो. बंगालची घरगुती लक्ष्मी पंधरा दिवस आधी, कोजागरीस, येऊन गेलेली असते. आणि तेथील व्यापाऱ्याची नवी वही, ज्यास ते हालखाता म्हणतात, ती पहिल्या वैशाखास उघडते व तिच्यावर लक्ष्मीबरोबर गणेशाची पूजा होते. सरस्वतीचेही तसेच. आमच्या मुलांनी पाटीवर सरस्वती काढावी ती दसऱ्यास. बंगालच्या विद्यार्थ्याने पुस्तके देवीपुढे ठेवावी ती माघ शुद्ध पंचमीस. म्हणजे तिथी तीच पण देवता निराळी, अथवा देवता तीच पण तिथी निराळी, असे दोन्ही प्रकार आढळतात. याद्या समोरासमोर मांडणाऱ्यास हे दिसते, परंतु त्याचा अर्थ लागत नाही.

आता दुर्गापूजेकडे येऊ. आमचे नवरात्र हे घटाचे व्रत होय. प्रतिपदेस घट बसतो, मातीत धान्य पेरले जाते, नऊ दिवस दीप तेवत राहतो, आणि उगवलेले अंकुर दसऱ्यास डोक्यावर खोवले जातात. बंगालच्या पूजेचा मुख्य भाग षष्ठीच्या बोधनाने सुरू होतो. सप्तमीस केळ, हळद, बेल, डाळिंब, अशोक, भात इत्यादी नऊ वनस्पतींची नवपत्रिका स्नान घालून, साडी नेसवून देवीजवळ ठेवतात. अष्टमी-नवमीच्या सांध्यावर संधिपूजा होते. दशमीस मृण्मयी प्रतिमेचे विसर्जन होते. देवी एकटी येत नाही. लक्ष्मी, सरस्वती, कार्तिकेय व गणेश ही लेकरे बरोबर घेऊन ती येते. कोठे येते? माहेरी. कैलासाहून तीन दिवसांकरिता माहेरी आलेली उमा हा बंगाली लोकभावनेचा गाभा असून, तिच्या आगमनाची व पाठवणीची गीते हा त्या भाषेतील एक स्वतंत्र काव्यप्रकार झाला आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्याकडील खरे साम्यस्थळ नवरात्रात शोधून चालणार नाही. ते भाद्रपदात सापडते. अनुराधा नक्षत्रावर येणाऱ्या, ज्येष्ठावर जेवणाऱ्या व मूळ नक्षत्रावर निरोप घेणाऱ्या ज्येष्ठा गौरी, ज्यांस आम्ही मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतो, त्या अशाच तीन दिवसांच्या माहेरवाशिणी होत. त्यांसही साडी नेसवितात, त्यांच्यापुढेही लेकरे मांडतात, कित्येक घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर करतात, आणि निरोपाच्या वेळी घरच्या बायकांचे डोळे पाणावतात. नवपत्रिका व तेरड्याची गौर यांचे नाते उघड आहे. दोन्ही ठिकाणी वनस्पतिरूप देवता आधीची असावी व प्रतिमा मागून आली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. सारांश, सणांची तुलना पंचांगाच्या रकान्यावरून करू नये. त्या सणात माणसे देवतेशी कोणते नाते जोडतात, त्यावरून करावी. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीच्या जामाईषष्ठीस बंगाली सासू जावयास जेवू घालते. त्याचे आमच्याकडील प्रतिरूप ज्येष्ठात सापडत नाही, ते अधिक महिन्यात अनारशांच्या ताटात सापडते.

(3)

दुसरी उणीव ग्रंथांची व कालगणनेची. बंगालच्या व्रतोत्सवांस शास्त्राची चौकट दिली ती मुख्यतः नवद्वीपच्या रघुनंदन भट्टाचार्यांनी. सोळाव्या शतकातील या पंडिताने अठ्ठावीस 'तत्त्वे' रचली. त्यांत तिथितत्त्व व दुर्गापूजातत्त्व यांचा समावेश होतो. त्यांच्याही आधी जीमूतवाहनाचा कालविवेक हा ग्रंथ तेथे झाला होता. आमच्याकडील चौकट निराळी, आणि ती बव्हंशी आमच्या या गोदापरिसराशी संबद्ध आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणीत व्रतखंड रचला. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी इ. स. 1612 मध्ये निर्णयसिंधू सिद्ध केला. पंढरपूरच्या काशीनाथोपाध्यायांनी इ. स. 1790 च्या सुमारास धर्मसिंधू लिहिला व तोच आजही आमच्या पंचांगकर्त्यांचा आधार आहे. निर्णयसिंधूत गौडांचे मत अमुक, दाक्षिणात्यांचे अमुक, असे निर्देश वारंवार येतात. म्हणजे भेद आहे हे आमचे जुने निबंधकार जाणत होते, आणि तो शास्त्रातच आहे म्हणून त्याचा आदर करीत होते. 'त्यांचा शाक्त प्रांत, आमचा वैष्णव' या एका वाक्यात आजचा लेखक ज्या भेदाची वासलात लावतो, त्याकरिता या पंडितांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत.

कालगणनेचा भेद त्याहून मोठा. बंगालचे व्यवहारातील महिने सौर आहेत. देवतांच्या तिथी चांद्र मानाने पाळल्या जातात खऱ्या, परंतु संक्रांतीवर चालणारे सणही तेथे पुष्कळ आहेत. श्रावणाच्या अखेरीस मनसापूजा, भाद्राच्या अखेरीस विश्वकर्मापूजा, पौषाच्या अखेरीस पिठ्यांचा सण, चैत्राच्या अखेरीस गाजन व चडक. आमच्याकडे सौर मानावर चालणारा ठळक सण एकच, मकरसंक्रांत. म्हणून विश्वकर्मापूजा इंग्रजी तारखेने बहुधा 17 सप्टेंबरला येते. त्याच तारखेस इ. स. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन आमचा मुलूख मुक्त झाला, व म्हणून तेथे कारागीर हत्यारांची पूजा करीत असता येथे आम्ही ध्वजवंदन करतो.

मराठवाड्याच्या वाचकास बंगाली सनाचे नवल वाटण्याचे तर काहीच कारण नाही. निजामी अमलातील आमचे जुने दस्त फसली सनाचे आहेत. फसली म्हणजे पिकाच्या हंगामाशी जुळविलेला, हिजरीवरून सौर केलेला सन. बंगाली सनाचा उगमही पुष्कळ विद्वान अकबरकालीन अशाच सुधारणेत मानतात. काही तो सातव्या शतकातील शशांक राजाकडे नेतात. आमच्या दक्षिणी फसलीत 590 मिळविले की इसवी सन येतो, बंगाली सनात 593 मिळविले की येतो. दोन्ही एकाच कुळातले, एवढे पहिले मत मान्य केल्यास म्हणता येते. विशेष हा की, आमचा फसली दप्तरातच राहिला व दप्तराबरोबर मेला. बंगालचा सन लोकांच्या उत्सवात शिरला व जगला. बांगलादेशात पहिला वैशाख 14 एप्रिलला ठरलेला आहे, पश्चिम बंगालमध्ये तो बहुधा 15 एप्रिलला येतो. तथापि दोन्हीकडे तो हिंदू-मुसलमान सर्वांचा नववर्षदिन आहे. महसुलाच्या सोयीकरिता केलेली गणना लोकोत्सव कशी होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

चैत्रअखेरच्या चडकाविषयी एक शब्द. पाठीत गळ टोचून उंच आडव्या लाकडास भक्ताने फिरावे, हा प्रकार बंगाल सरकारने इ. स. 1865 मध्ये बंद केला. तो वाचून मराठी लेखक हळहळतो व 'बंगालची अघोरी प्रथा' असे लिहितो. वाईजवळील बावधनचे बगाड त्याने पाहिलेले नसावे. तेथेही बगाड्यास लाकडास बांधून उंच फिरवितात, आणि 'गळ' हा शब्द आमच्याही जत्रांत जुना आहे. दुसऱ्याच्या अंगणातील ते अघोर आणि आपल्या अंगणातील ती परंपरा, हा न्याय संशोधकास शोभत नाही.

(4)

आता तिसऱ्या उणिवेकडे येतो. वस्तुतः हा लेख तिच्याकरिताच लिहिला आहे.

इ. स. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचा कारभारी भास्करराम कोल्हटकर मोठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरला. पावसाळ्यात त्याने भागीरथी व अजय यांच्या संगमावरील काटवा येथे ठाणे केले, आणि आश्विनात त्याच परिसरात मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. ही पूजा पुरी झाली नाही. नवाब अलीवर्दीखानाने रात्रीतून नावांच्या पुलाने नदी ओलांडून पहाटे छापा घातला, आणि भास्करपंतास सर्व सोडून पळावे लागले.

या प्रसंगाचे समकालीन बंगाली साधन म्हणजे गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्टपुराण' होय. मैमनसिंह जिल्ह्यात मिळालेली ही पोथी इ. स. 1751 च्या सुमाराची असून, तिचे 'भास्कर-पराभव' हे पहिले कांड तेवढे उपलब्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत छापली गेली, आणि इ. स. 1965 मध्ये डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. गंगाराम सांगतो की, भास्करपंताने जमीनदारांकडून पूजेची सामग्री जमविली, सप्तमी व अष्टमी अशा दोन दिवसांच्या पूजा झाल्या, आणि मग प्रतिमा तशीच टाकून तो निघून गेला.

या कथनावर विश्वास कितपत ठेवावा? आम्ही एक साधी कसोटी लावून पाहिली. छाप्याची तारीख इतिहासकार 27 सप्टेंबर 1742 अशी देतात. आजच्या ग्रेगरी गणनेने ही तारीख धरली तर त्या दिवशी भाद्रपद वद्य चतुर्दशी येते, आणि कवीची कथा खोटी पडते. परंतु इंग्रज त्या काळी जुनी ज्यूलियन गणना वापरीत. त्या गणनेचा 27 सप्टेंबर म्हणजे आजच्या गणनेचा 8 ऑक्टोबर. आणि त्या दिवशी शके 1664 ची आश्विन शुद्ध नवमी येते. दोन पूजा झाल्या व तिसरी राहिली, हे पुराणकाराचे म्हणणे तिथीशी तंतोतंत जुळते. पुराण या नावामुळे ज्यांनी हा ग्रंथ बाजूस सारला असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा मुद्दा पूजेच्या रूपाचा. भास्करपंत कोकणस्थ ब्राह्मण; त्याच्या घरी घट बसत असणार. परंतु गंगारामाच्या वर्णनातील पूजा गौडीय रीतीची आहे. सप्तमीपासून मोजलेले दिवस व प्रतिमा या दोन्ही खुणा तेच सांगतात. आपली कुलरीत सोडून परप्रांतातील रीतीने पूजा मांडण्याचे कारण काय? बंगालमध्ये थाटाची दुर्गापूजा हा राजे व जमीनदार यांचा आचार होता. ती पूजा मांडणे म्हणजे आम्ही लुटून परत जाणारे नसून या मुलखाचे धनी आहोत, असे सांगणे होते. हे आमचे अनुमान आहे. परंतु ज्या जमीनदारांकडून वसूल घ्यावयाचा त्यांच्याकडूनच पूजेची सामग्री घेतली गेली, हे त्यास पोषक आहे.

तिसरा मुद्दा कवीच्या निर्णयाचा. गंगाराम आरंभी मराठ्यांचा द्वेष करीत नाही. त्याच्या कथेत पृथ्वी पापाने जड झाली म्हणून शिवाच्याच आज्ञेने नंदी शाहूराजाच्या ठायी प्रवेश करतो, व मराठे हे ईश्वरी दंडाचे साधन होऊन येतात. पुढे तो पळणाऱ्या लोकांचे चित्र काढतो. पोथ्यांचे भार घेतलेले पंडित, तराजू घेतलेले सोनार, वाट फुटेल तिकडे धावणाऱ्या बायका, आणि त्यांच्यावर घातलेले घोडे. शेवटी ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया यांची हत्या पाहून दुर्गाच भास्करावर कोपते व आपल्या गणांस नवाबास अनुकूल होण्याची आज्ञा देते. पूजा चालू असताना पूज्य देवता पूजकास सोडून जाते, ही कल्पना फार भेदक आहे. न्यायाने मिळविलेल्या द्रव्यानेच देवकार्य करावे, हे आमचे धर्मशास्त्र. गंगारामाने ते काटव्याच्या मंडपात लावून दाखविले.

यावर मराठी अभिमानी म्हणेल की, हा शत्रुपक्षाचा कवी. पण बर्दवानच्या राजाच्या आश्रयाने बाणेश्वर विद्यालंकाराने इ. स. 1744 मध्ये रचलेले चित्रचंपू हे संस्कृत काव्यही गर्भवती, बालके, ब्राह्मण व दरिद्री यांवरील अत्याचारांचा उच्चार करते. दोन भिन्न भाषांतील, भिन्न थरांतील साक्षी एक बोलतात. आकडे व अलंकार कवींचे म्हणून वगळावे; मूळ वस्तुस्थिती वगळता येत नाही. अलीवर्दीने भास्करपंतास मार्च 1744 अखेर मनकरा येथे भेटीस बोलावून दग्याने मारले हे खरे, व ते निंद्यही खरे; परंतु एका विश्वासघाताने दुसऱ्या बाजूची लूट पुसली जात नाही. इ. स. 1751 च्या तहाने बारा लाखांची चौथाई ठरली, ती आमच्या इतिहासात यश म्हणून नोंदली जाते. बंगालच्या अंगाईगीतात मात्र 'बर्गी' हा मुलांना भिवविण्याचा शब्द होऊन बसला. सरकारी घोड्यावर बसणारा आमचा साधा बारगीर तो हाच.

(5)

बंगालच्या वर्षोत्सवमालेतील दोन मणी तर या धामधुमीच्या काळाशीच निगडित आहेत. भारतचंद्राचे 'अन्नदामंगल' इ. स. 1752 च्या सुमाराचे. त्यात नदियाचा राजा कृष्णचंद्र नजराण्याच्या तगाद्यापायी अलीवर्दीच्या कैदेत पडतो, देवी अन्नपूर्णा त्यास स्वप्नात दर्शन देते, व तो चैत्र शुद्ध अष्टमीची तिची पूजा आरंभितो, अशी कथा आहे. कार्तिक शुद्ध नवमीची जगद्धात्रीपूजाही आख्यायिका याच राजाच्या नावावर देते. बंदिवासामुळे दुर्गापूजा चुकली म्हणून ती एक महिन्याने केली, असे ती सांगते. नवाबाची तिजोरी ज्या स्वाऱ्यांनी रिती केली, त्यांत आमच्या स्वाऱ्या प्रमुख होत्या. तेव्हा अन्नपूर्णा व जगद्धात्री यांच्या उत्सवांचे वर्णन करताना 'बंगाली माणूस उत्सवप्रिय' एवढेच लिहून भागणार नाही. अन्नाची देवता दुष्काळी व लुटीच्या काळात का आठवावी, याचा विचार करावा लागेल.

आणि तरीही बंगालने आम्हांस जे दिले तेही लिहिले पाहिजे. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी कुळातील गृहस्थ बंगालीत लिहीत, इ. स. 1904 चे त्यांचे 'देशेर कथा' प्रसिद्ध आहे. त्यांच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास शिवाजी उत्सव सुरू झाला, आणि इ. स. 1904 मध्ये रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. इ. स. 1906 च्या उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः गेले. त्या वेळी भवानीपूजा योजिल्यावरून बंगालमध्येच मतभेद झाले, हेही खरे. तथापि ज्यांच्या मुलांना बर्गीच्या नावाने झोपवीत, त्यांनी शिवछत्रपतींचा उत्सव करावा, हे औदार्य लहान नव्हे. त्या औदार्यास आमच्याकडून मिळावयाचे उत्तर म्हणजे प्रामाणिक इतिहास.

(6)

मुंबईत दुर्गाबाडीची पूजा इ. स. 1930 पासून चालत आली आहे. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांस 1960 नंतरच्या दशकात तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली जिल्ह्यात वसविले गेले. मुलचेरा, चामोर्शी या भागांत त्यांची गावेच्या गावे आहेत व तेथे ढाकाच्या गजरात दुर्गापूजा होते. कलकत्त्याची दुर्गापूजा डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गणली गेली. आमच्या तालुक्यातही सार्वजनिक नवरात्रात घटाशेजारी महिषासुरमर्दिनीची मोठी मूर्ती बसविण्याची चाल आता रूढ झाली आहे. काही वृद्ध ती 'बंगाली फॅशन' म्हणून नाक मुरडतात. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्याच एका सरदाराने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ती प्रतिमा पूजिली होती. दुःख एवढेच की, पूजेची वर्गणी तलवारीने गोळा केली होती.

अभ्यासकांस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. बंगालच्या सणांविषयी लिहिताना रघुनंदन व हेमाद्री हे दोघेही उघडून पाहावे, निव्वळ तिथींच्या याद्या जुळवू नयेत. आणि भोसल्यांच्या बंगालस्वाऱ्यांविषयी लिहिताना आमच्या दप्तरांइतकेच गंगाराम व बाणेश्वर यांसही साक्षीस बोलवावे. काटव्याची नवमीची पूजा राहून गेली ती राहूनच गेली. तिचा वृत्तांत तरी पुरा लिहिला जावा.